एकास पस्तीस : टी-५५ रणगाड्याचे माझे पहिले मॉडेल

रणगाड्याचे प्लास्टिक मॉडेल बांधायला घेणाऱ्या नवख्या माणसाला सगळ्यात आधी प्रमाण ठरवावे लागते. लष्करी वाहनांच्या संचांमध्ये १/७२, १/४८ आणि १/३५ ही तीन प्रमाणे सर्वाधिक चालतात. यांपैकी १/३५ हा आकडा ऐकायला अडनिडा वाटतो, पण त्यामागे अगदी व्यवहारी कारण आहे. जपानमधील शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचा मोटारीवर चालणारा संच काढला, तेव्हा आत मोटार आणि बॅटऱ्या मावतील एवढ्या आकाराचे धड त्यांनी ठरवले आणि मोजमाप केल्यावर ते मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास निघाले. पुढे इतर कंपन्यांनीही तेच प्रमाण उचलले आणि ते लष्करी वाहनांचे नेहमीचे प्रमाण होऊन बसले. मी हेच प्रमाण निवडले. तोफेसह सुमारे ९ मीटर लांबीचा टी-५५ या प्रमाणात जेमतेम २६ सेंटीमीटरचा होतो, म्हणजे ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्याला बांधायलाही जागा मिळते आणि ठेवायलाही.

प्रमाणाचा हा हिशेब पुढच्या प्रत्येक कामात उपयोगी पडतो, म्हणून तो आरंभीच डोक्यात पक्का बसलेला बरा. मॉडेलवर रंगाचा थर दशांश मिलिमीटर जाड बसला, तर पस्तीस पटीने तो खऱ्या रणगाड्यावर साडेतीन मिलिमीटरचा लेप होईल, आणि असा लेप कोणत्याही यंत्रावर नसतो. मॉडेल खेळण्यासारखे दिसते ते बहुधा रंगाची छटा चुकल्यामुळे नव्हे, तर रंगाच्या आणि कडांच्या जाडीमुळे, असे माझे मत बांधणीच्या काळात होत गेले आणि आजही ते बदललेले नाही.

टी-५५ निवडण्याचे कारण आमच्या सोसायटीतले सुभेदार काका. ते साताऱ्याकडचे, सैन्याच्या ईएमई, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या, शाखेतून निवृत्त झालेले, आणि नोकरीतली बरीच वर्षे रणगाड्यांच्या दुरुस्तीत घालवलेले. मी परदेशी युद्धांतल्या शर्मन आणि टायगरच्या संचांची चित्रे पाहत असताना ते म्हणाले, "अगं, आपल्याकडे काय होतं ते आधी कर. मला विचारता तरी येईल तुला." हा सल्ला मला मोलाचा वाटला. ज्या यंत्राला हात लावलेला माणूस एका मजल्यावर राहतो, ते यंत्र सोडून दुसरे घेण्यात अर्थ नव्हता.

तामियाचा टी-५५ चा संच नवख्यासाठी चांगला समजला जातो, कारण त्याचे भाग एकमेकांत नीट बसतात आणि ट्रॅक (चाकांभोवतीचे साखळीपट्टे) सलग पट्ट्याच्या रूपात येतात, कडी-कडी जोडत बसावे लागत नाही. मात्र खोक्यातला रणगाडा सोव्हिएत सैन्याचा टी-५५ए आहे. मूळ टी-५५ ला समोरच्या तिरक्या पत्र्यातून मारा करणारी एक मशीनगन होती, ती टी-५५ए मध्ये काढून टाकण्यात आली. शिवाय किरणोत्सर्गापासून बचावासाठी आतून अस्तर दिल्याने टरेटवरच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजावरच्या) झाकणांभोवतीच्या कडा जाड झाल्या. मशीनगनसाठी पत्र्यात बारीक छिद्र पाडणे सोपे होते, ते मी हातड्रिलने पाडले. टरेटच्या कडा तशाच ठेवल्या, कारण पहिल्या मॉडेलमध्ये आधी बांधणीची शिस्त हाताला लागावी आणि तपशिलाचा हट्ट पुढच्यासाठी राखावा असे मी ठरवले होते.

एक बदल मात्र करायचाच होता, आणि तो १९७१ च्या युद्धाशी जोडलेला आहे. पश्चिम आघाडीवर जम्मूकडच्या छांबसारख्या भागात दोन्ही बाजूंकडे एकाच घराण्यातले रणगाडे होते. आपल्याकडे सोव्हिएत बनावटीचे टी-५४ आणि टी-५५, तर पाकिस्तानकडे टी-५४ वरूनच चीनने बनवलेला टाइप ५९. धुळीत, धुरात, हजार मीटरवरून या दोघांत फरक करणे गोलंदाजाला कठीण जाई. म्हणून भारतीय रणगाड्यांच्या तोफेच्या नळीवर मध्यभागी एक खोटा फुगवटा बसवला जात असे. खरा धूरशोषक नळीच्या तोंडापाशी असतो आणि तोफ डागल्यावर उरलेला धूर टरेटमध्ये येऊ न देता बाहेर काढतो. मधला फुगवटा केवळ ओळखीसाठी होता. ही गोष्ट कळल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर तीच तोफ येत राहिली आणि फुगवट्याशिवाय हे मॉडेल मला अपुरेच वाटले असते.

हत्यारांची जमवाजमव फार लांबवण्याची गरज नाही. निपर, अणकुचीदार चिमटा आणि ब्लेड बदलता येणारी चाकू ही तीन हत्यारे चांगल्या प्रतीची घ्यावीत. बाकीचे बरेचसे गावात मिळते : ४०० पासून १००० नंबरपर्यंतचा पाण्यातला पॉलिश पेपर जांभळी नाक्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात, बारीक ब्रश आणि तैलरंग नौपाड्यातल्या चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि रंग मोजायची सिरिंज मेडिकलमध्ये. संच आणि त्याचे खास रंग तेवढे मागवून घ्यावे लागले.

संचातले भाग प्लास्टिकच्या चौकटींना बारीक दांड्यांनी जोडलेले येतात. या चौकटी साच्यातून सुटाव्यात म्हणून लावलेल्या तेलाचा अंश त्यांवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही, म्हणून आरंभी त्या कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन जाळीच्या ताटलीत वाळवल्या. भाग कापताना निपर भागाला टेकवून एकदम कापू नये, असे जाणकार सांगतात, आणि त्याचे कारण हाताला लगेच कळते : दाबाने प्लास्टिक पांढरे पडते आणि कधी भागाचाच टवका उडतो. पहिला छाट थोडा लांब ठेवून घ्यावा, मग उरलेला खुंट दुसऱ्या छाटाने काढावा, आणि जो काही उंचवटा राहील तो चाकूने तासून पॉलिश पेपरने घासावा. टी-५५ ला प्रत्येक बाजूला पाच जोडचाके, म्हणजे दोन-दोन तबकड्यांची चाके, असतात. प्रत्येक तबकडीच्या रबरी कडेवर दांडीची खूण आणि साच्याच्या दोन अर्धांमधली रेघ असते, आणि ती प्रत्येक तबकडीवरून काढावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण याच कामात मला प्लास्टिकची नस सापडली : किती दाबावे, कुठे थांबावे, पेपर ओला असताना घासण्याचा आवाज कसा बदलतो, हे चाकांनी शिकवले.

प्लास्टिक जोडण्याचे पातळ सिमेंट हा या छंदातला सगळ्यात समाधान देणारा पदार्थ आहे. तो फेविकॉलसारखा दोन भागांच्या मध्ये थर होऊन बसत नाही. पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो. म्हणून तो लावून भाग जोडायचे नसतात. भाग आधी कोरडेच जुळवून धरायचे आणि सांध्याच्या एका टोकाला ब्रशचे टोक टेकवायचे, की द्रव आपोआप फटीतून पलीकडे धावत जातो. हलचे, म्हणजे रणगाड्याच्या धडाचे, दोन भाग जोडताना ही ओली रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकताना स्पष्ट दिसली. किंचित दाबल्यावर सांध्यातून विरघळलेल्या प्लास्टिकचा दोऱ्याएवढा मणी बाहेर येतो. तो पुसायचा नाही, सुकू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तासून टाकायचा, म्हणजे सांधा होता हेही कळत नाही. हे सिमेंट आणि पुढचे रंग यांच्या वाफा मात्र बंद खोलीत घेऊ नयेत. मी काम गॅलरीच्या दाराशी करते आणि रंग उडवताना सेंद्रिय वाफांसाठीचे काडतूस असलेला मास्क लावते. साधा कापडी मास्क या वाफांपुढे निरुपयोगी आहे.

तोफेवरच्या फुगवट्यासाठी मी साध्या कागदाची अरुंद पट्टी घेतली आणि नळीच्या मध्यावर ती ताणून गुंडाळत गेले, प्रत्येक वेढ्याला सुपरग्लूचा थेंब देत. कागद सुपरग्लू पिऊन कडक होतो आणि लाकडासारखा घासता येतो. छायाचित्रांत दिसणाऱ्या जाडीशी जुळल्यावर दोन्ही टोकांना पुट्टीचा उतार दिला आणि नळी बोटांत फिरवत पेपरने घासली, कारण एका जागी धरून घासले की गोलाई जाऊन चपटेपणा येतो. काकांनी ती नळी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली. "आणखी थोडा मागं," ते म्हणाले. सुपरग्लूने पकडलेले वेढे सोलून पुन्हा गुंडाळावे लागले, पण आता तो फुगवटा त्यांना पटतो.

बांधणी चालू असतानाच मी अहिल्यानगरला जाऊन आले. तिथे आर्मर्ड कोअरच्या (सैन्याच्या रणगाडा दलाच्या) केंद्राशी जोडलेले, १९९४ साली सुरू झालेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, आळे फाटा असा रस्ता धरला तर ठाण्याहून पहाटे निघून रात्री परत येता येते. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत ज्या पॅटन रणगाड्यांचा पाडाव झाला त्यांच्या जातीचा पॅटन, त्यांच्यापुढे उभे राहिलेले सेंच्युरियन, चेन्नईजवळच्या आवडी येथे बनलेला विजयंता, आणि जुन्या काळातले मटिल्डा, व्हॅलेंटाइन असे रणगाडे तिथे हाताच्या अंतरावर उभे आहेत. मॉडेल करणाऱ्याने तिथल्या रंगाकडे फारसे पाहू नये, असे मला वाटते, कारण तो रंग जतनासाठी पुन्हा पुन्हा दिलेला आहे आणि लढाईतल्या रंगाशी त्याचे नाते उरलेले नाही. पाहायचा तो पोत. पॅटनचे टरेट ओतीव पोलादाचे, म्हणून त्याची त्वचा खडबडीत, संत्र्याच्या सालीहून भरड. विजयंताचे टरेट लाटलेले पत्रे जोडून केलेले, म्हणून त्याचे पृष्ठ सपाट आणि जोडांवर वेल्डिंगच्या जाड रेघा. ओतीव आणि लाटीव पोलाद एकमेकांपासून किती वेगळे दिसते हे छायाचित्रांतून मला एवढे कधी कळले नव्हते, आणि तिथे उभे राहिल्यावर ते क्षणात कळले.

टी-५५ चे टरेटही ओतीव असते आणि हल लाटीव पत्र्यांचा. म्हणून परतल्यावर मी मॉडेलच्या टरेटवर सिमेंटमध्ये पातळ केलेली पुट्टी जुन्या, केस झडलेल्या ब्रशने टोचत बसवली आणि सुकल्यावर तिच्यावरून पेपर हलका फिरवला. हल मात्र पूर्ण गुळगुळीत ठेवला. रंग दिल्यावर हा फरक फार सूक्ष्म उरतो, पण प्रकाश दोन्ही भागांवरून वेगळा परावर्तित होतो आणि टरेटला वजन येते.

आता रंग. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला रंगाचे वेळापत्रक पावसाच्या हिशेबानेच आखावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या घरातला आर्द्रतामापक ८५ टक्क्यांच्या खाली क्वचित उतरतो. अशा हवेत लॅकर जातीचे अस्तर किंवा वॉर्निश उडवले की त्यातले द्रावण झपाट्याने उडून जाते, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो. म्हणून पावसाळ्यात कापणी, घासणी आणि जोडणी करावी आणि स्प्रेचे काम ऑक्टोबरच्या उन्हावर सोडावे, असे मी ठरवले आणि ते लाभले. जे काही उडवायचे ते दुपारी, मॉडेल तासभर घरातच ठेवून त्याला खोलीचे तापमान येऊ दिल्यावर.

अस्तर करड्या रंगाचे दिले, दोन पातळ हातांत. अस्तराचे खरे काम रंग धरणे हे असले, तरी त्याचा दुसरा उपयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो : सगळे मॉडेल एका रंगाचे झाले की राहिलेल्या रेघा, फटी आणि ओरखडे लपू शकत नाहीत. जिथे दिसले तिथे पुन्हा पुट्टी, पुन्हा पेपर, पुन्हा अस्तर.

हिरव्या रंगासाठी मी एअरब्रश वापरला. ०.३ मिलिमीटर नोझलचा, हवा आणि रंग दोन्ही बोटाने आवरता येतील असा डबल-ॲक्शन ब्रश आणि लहान कॉम्प्रेसर. दाब १५ ते २० पीएसआयच्या दरम्यान आणि रंग दुधाइतका पातळ. तामियाचे ॲक्रिलिक रंग अल्कोहोलवर आधारलेले असल्याने ते एअरब्रशमधून सुंदर उडतात, मात्र हाताच्या ब्रशने दिले की खालचा थर उचलतात. ब्रशने द्यायच्या बारीक कामासाठी व्हायेहोचे पाण्यातले रंग बरे. प्रत्येक मिश्रण आधी प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर उडवून पाहिले, कारण चमच्याची गोलाई टरेटच्या गोलाईसारखी प्रकाश घेते. बाटलीतला ऑलिव्ह हिरवा जसाच्या तसा दिला तर २६ सेंटीमीटरच्या वस्तूवर तो फार काळवंडलेला दिसतो. खरा रणगाडा आपण लांबून, मधल्या हवेतून पाहतो आणि त्याचा रंग फिकट होऊन डोळ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून मूळ रंगात थोडा पिवळट बफ मिसळून उजेडाच्या बाजूला, म्हणजे आडव्या पृष्ठांवर, आणखी फिकट हात दिला आणि फेंडरखाली (ट्रॅकवरच्या पत्र्याखाली), टरेटच्या पोटाखाली मूळ गडद रंग राहू दिला.

चाकांच्या रबरी कडा शुद्ध काळ्या रंगवू नयेत. धुळीत फिरलेले रबर गडद करडे दिसते. ट्रॅकचे काम मात्र सावकाश करण्यासारखे आहे. टी-५५ ला वरच्या बाजूने ट्रॅक उचलून धरणाऱ्या लहान चाकऱ्या नसतात, त्यामुळे ट्रॅकचा वरचा भाग चाकांच्या माथ्यावर विसावतो आणि दोन चाकांच्या मधे आपल्या वजनाने लोंबतो. संचातला पट्टा हलका असल्याने तो तिथे ताठ उभा राहतो, आणि ताठ ट्रॅक पाहिला की रणगाड्याचे ३६ टन खोटे वाटू लागतात. मी चाकांच्या माथ्यावर सुपरग्लूचे थेंब देऊन, फेंडरखालून स्पंजचे तुकडे दाटून पट्टा खाली दाबून ठेवला आणि रात्रभर तसाच सोडला. रंगाला आधी गडद तपकिरी-करडा, त्यावर धूळ, आणि शेवटी जमिनीला घासणाऱ्या उंचवट्यांवर सहा-बी पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने चोळली. चालत्या रणगाड्याचे ट्रॅक तांबडे गंजलेले नसतात. जमीन त्यांना रोज घासून उजळते.

खुणांसाठी संचातली डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) उपयोगाची नव्हती, आणि घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. म्हणून टरेटवर फक्त स्क्वाड्रनची, म्हणजे रणगाड्यांच्या तुकडीची, खूण ठेवली. ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या पद्धतीत ए स्क्वाड्रनला त्रिकोण, बी ला चौकोन आणि सी ला वर्तुळ असते. मी मास्किंग टेप कापून चौकोन काढला.

यानंतरचा टप्पा म्हणजे मॉडेल मळवणे, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या उद्योगाचा गाभा हाच आहे. तयार बाटल्यांची रेलचेल असल्यामुळे सगळीकडे गंज, सगळीकडे चिखल, सगळीकडे उडालेला रंग असे करण्याचा मोह नवख्याला होतो. काकांनी मला एकदा दुपारभर बसवून मॉडेलवर पेन्सिलीने खुणा करून दिल्या. ड्रायव्हर पुढे डावीकडे बसतो, तेव्हा चढताना त्याचा पाय कुठे पडतो. कमांडर आणि गोलंदाज टरेटच्या डाव्या अर्ध्या भागात, लोडर उजवीकडे, तेव्हा कोणत्या कडांना रोज हात लागतो. उजव्या फेंडरवर चपट्या इंधन टाक्या, तेव्हा डिझेल कुठे सांडते आणि ओघळ कुठल्या दिशेने जातो. धुराड्याचे तोंड डाव्या फेंडरच्या मागच्या बाजूला, तेव्हा काजळी त्याच बाजूला, दुसऱ्या नाही. "रणगाडा सगळीकडून सारखा मळत नाही," ते म्हणाले, "माणसं मळवतात तिथं मळतो." आणि गंजाविषयी विचारल्यावर ते जरा रागावलेच : "आमच्या हातात गाडी असताना गंज? रंग उडाला की दुसऱ्या दिवशी हात फिरायचा."

त्यामुळे मी गंज जवळजवळ वापरलाच नाही. उडालेला रंग दाखवायला स्पंजचा कण गडद करड्यात बुडवून, कागदावर टिपून, फक्त काकांनी दाखवलेल्या पाऊलवाटेवर आणि झाकणांच्या कडांवर टेकवला. खाचांतली सावली पातळ रॉ अंबर तैलरंगाने भरली. ट्यूबमधला तैलरंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवावा, म्हणजे पुठ्ठा त्यातले जवसाचे तेल शोषून घेतो आणि रंग सुकल्यावर चकाकत नाही. मग तो व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून बोल्ट आणि सांध्यांशी ब्रशच्या टोकाने सोडावा. खाली वाळलेले ॲक्रिलिक स्पिरिटला दाद देत नाही, त्यामुळे जास्त झालेले स्वच्छ ब्रशने खेचून घेता येते. डिझेलच्या ओघळांसाठी हाच तैलरंग थोड्या चकचकीत वॉर्निशमध्ये मिसळला, कारण इंधनाचा डाग सुकला तरी आजूबाजूच्या धुळीपेक्षा ओला दिसतो. टाकीच्या झाकणापासून फेंडरच्या कडेपर्यंत तो ओघळ ओढायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली, आणि मॉडेलवरचा तो माझा सर्वांत आवडता भाग आहे.

धुळीचा रंग हा स्वतंत्र विषय निघाला. येऊरच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत माती म्हटली की तांबूस तपकिरी रंग येतो, आणि बाजारातल्या तयार बाटल्या बहुतेक युरोपातल्या काळपट चिखलाच्या असतात. छांबचा भाग मुनव्वर तवी नदीच्या काठचा, गाळाचा आणि वाळूचा, आणि युद्ध डिसेंबरचे, म्हणजे कोरड्या हिवाळ्याचे. तिथली धूळ फिकट, करडेपणाकडे झुकणारी पिवळसर हवी. मी पेस्टल खडू, थोडा बफ, थोडा करडा, बारीक कानशीवर घासून त्याची पूड केली आणि ती मऊ ब्रशने चाकांवर, हलच्या खालच्या भागावर, फेंडरच्या कोपऱ्यांत बसवली. पूड जिथे टिकायला हवी तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडला. टरेटच्या माथ्यावर अगदी थोडी, आणि पाऊलवाटेवर नाहीच, कारण तिथली धूळ बुटांबरोबर निघून जाते. धूळ वर चढत जाताना विरळ होत गेली पाहिजे. एका उंचीवर अचानक संपलेली धूळ रंगवलेली वाटते.

सगळ्यावर शेवटी मॅट वॉर्निशचा हात फिरवला, मात्र इंधनाचे ओघळ आणि पेरिस्कोपची भिंगे टेपने झाकून, त्यांची चकाकी तशीच राहावी म्हणून. खडूच्या पुडीवर वॉर्निश पडले की ती गडद होते, त्यामुळे धुळीचा शेवटचा हलका हात वॉर्निशनंतर पुन्हा द्यावा लागतो. मागच्या बाजूचा लाकडी ओंडका, जो चिखलात रुतल्यावर ट्रॅकखाली बांधून रणगाडा बाहेर काढतात, तो अगदी शेवटी चिकटवला. त्याच्या सालीच्या रेघांत अंबर भरून कडा फिकट केल्या आणि बांधायच्या पट्ट्यांखाली धूळ जाऊ दिली नाही.

आता टेबलावर पीटी-७६ चा संच उघडा आहे. हा पाण्यातून तरंगत जाणारा हलका रणगाडा १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर गरीबपूरच्या लढाईत उतरला होता. त्याच्यावर काकांनी कधी काम केलेले नाही, त्यामुळे नदी ओलांडून काठावर आलेल्या हलवर गाळाची रेघ किती उंचीवर राहते आणि बंगालच्या मातीचा गाळ वाळल्यावर कोणत्या रंगाचा होतो, हे मला जुन्या छायाचित्रांतून शोधावे लागणार आहे. चाके तेवढी तासून झाली आहेत.